अण्णांनी साफ केलेले कण

ती बाटली मी साखरेत खुपसून आणली होती, हे आधीच कबूल करून टाकते. आईचा लाडवांचा पितळी डबा रिकामा झाला होता. रिकामा डबा घरी परत न्यायचा नाही म्हणून त्यात पावशेर साखर भरली, आणि त्या साखरेच्या पोटात करंगळीएवढी काचेची बाटली. मनमाडला गाडी बदलली, श्रीरामपूरला उतरून एसटीने बेलापूर गाठलं, आणि एवढ्या वाटेत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारची बाई दोनदा म्हणाली, "अगं, ठेव की खाली, पळून जातोय का डबा?" मी तिच्याकडे असं काही पाहिलं की बिचारी थेट बेलापूरपर्यंत गप्प बसली.

बहात्तर सालची दिवाळी होती. मी चोवीस वर्षांची, मुंबईत एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेली. घरी मी एवढंच सांगितलं होतं की दगड तोलायचं काम आहे. आई त्यावर म्हणाली होती, "दगड तोलायला मुंबईला कशाला जायला पायजे? हितं काय कमी हायेत का?"

खरं काम वेगळं होतं. प्लॅटिनमचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याला भाऊबंद आहेत: इरिडियम, ऑस्मियम आणि आणखी तिघं. काही नद्यांच्या वाळूत या भावंडांचे मिसळलेले कण सापडतात. मोहरीपेक्षा बारीक, करडे-पांढरे, आणि चिमूटभर तळहातावर घेतले तरी दचकायला होईल इतके जड. आमच्या सरांना समुद्रापारच्या दोन नद्यांतले असे कण कुणीतरी पाठवले होते, दोन वेगळ्या बाटल्यांत. सरांना दोनच गोष्टी हव्या होत्या. हे कण मूळ खडकात केव्हा तयार झाले, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे की वेगळं.

ते कळायची युक्ती अशी. ऑस्मियमचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. त्यातल्या एका ठरावीक वजनाचे अणू पृथ्वीच्या पोटात फार हळू वाढत असतात, कारण रेनियम नावाचा दुसराच धातू झिजत झिजत त्यांच्यात बदलत असतो. पण आमच्या कणांत रेनियम जवळजवळ नसतोच. म्हणजे कण एकदा वेगळा झाला की त्याच्यातलं प्रमाण तिथेच थांबलं. त्या वजनाचे अणू कमी भरले तर कण जुना, जास्त भरले तर अलीकडचा. मोजायचं यंत्र खोलीएवढं होतं आणि त्याच्यात ऑस्मियमची वाफ करून सोडावी लागायची.

ही वाफ विष आहे. पहिल्याच दिवशी सरांनी मला धुराच्या कपाटासमोर, म्हणजे वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या काचेच्या पेटीसमोर, उभं केलं आणि म्हणाले, "कण मुठीत घेऊन दिवसभर बस, काही होणार नाही. पण ते भट्टीत घातले, सोरा घालून तापवले, तर जी वाफ निघते ती डोळ्याच्या बुबुळावर काळी बसते. लागते तेव्हा नुसतं चुरचुरतं. काही तासांनी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागतात. कडी दिसली की समजायचं, लागलं." त्या रात्री होस्टेलच्या खोलीत मी दिव्याकडे टक लावून बसले होते. एवढी घाबरले होते मी, वाफ जवळून पाहिलीही नव्हती तरी!

आणि असं असूनही मी मूर्खपणा केलाच. दिवाळीच्या सुटीआधी आठवडाभर मी दोन बशांत दोन बाटल्यांचे कण मांडून चिमट्याने निवडत होते. शेजारच्या टेबलावरचा एक शहाणा म्हणाला, "सोनाराची पोर आहे, चिमटा बरा धरते." मी रागाने वळले. कोपर लागला आणि एक बशी दुसरीत पालथी. क्षणात दोन नद्या एक झाल्या. मी सगळे कण गोळा करून एका बाटलीत भरले आणि कुणालाही काही बोलले नाही. दिवाळीनंतर यंत्राची आमची पाळी होती. सरांना सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. नोकरी जाईल, सामान बांधून घरी यावं लागेल आणि आई मागच्या आठवड्यात पत्रातून कळवलेलं स्थळ पुन्हा काढेल, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मग मला अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील. बेलापुरात आमचं सोनाराचं दुकान होतं, दुकान म्हणजे घराचाच रस्त्याकडचा सोपा. कोल्हारच्या दोन जावा एकदा भांडल्या, झटापटीत दोघींच्या बोरमाळा तुटल्या आणि मणी एका सुपात गोळा होऊन अण्णांकडे आले. दोन्ही माळा दोन वेगळ्या सोनारांनी केलेल्या. अण्णांनी दुपारपर्यंत मणी न् मणी वेगळा केला आणि वर सांगितलं, "धाकलीच्या माळंतला एक मणी आधीच बदलल्याला हाय, तो माझ्या बापाच्या हातचा." असा माणूस घरात असताना मी कशाला घाबरायचं, असं मला वाटलं.

पोचल्यावर चहा झाला, आणि आई पाण्याला गेली तसं मी हळूच म्हटलं, "अण्णा, एक काम आहे. कुणाला सांगायचं नाही."

"चोरीचं हाय का?"

"नाही हो!"

"मग चोरावानी का बोलतीस?"

मी सगळं सांगितलं. सांडल्याचं सांगितलं, सरांना कळवलं नाही हेही सांगितलं. अण्णांनी बाटली उजेडात धरली, हलवली, कानाशी नेली. कोऱ्या कागदावर कण पसरले, डोळ्याला भिंग लावलं आणि दाराच्या उजेडात मान खाली घातली. त्या साली पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. दुकानात दागिना करायला येणाऱ्यापेक्षा मोडायला येणारे जास्त होते, त्यामुळे नव्या घडणीचं काम नव्हतंच. नवीन धातू हातात आला म्हणून अण्णा खूश होते.

दोन दिवस ते बसले. मी शेजारी. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "ह्यो बघ ढीग. ही समदी चपटी हायेत, पापुद्र्यावानी. कडा अजून शाबूत हायेत. ही खडकातून निघून लांब गेली न्हाईत. अन् ही गोल. ही नदीत लई लोळल्यात, लई लांबून आल्यात." सर जे यंत्राने शोधणार होते त्याची सुरुवात माझ्या बापाने नुसत्या डोळ्यांनी करून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, रेनियम झिजतो कसा, ऑस्मियम वाढतो कसा, कण सुटला की प्रमाण थांबतं कसं.

अण्णांनी भिंग काढलं. "मंजी ज्या दिवशी तोडलं त्या दिवशी जेवढं पिकल्यालं, तेवढंच."

"तेवढंच."

"अन् आता कळंल किती पिकल्यालं हुतं ते."

"यंत्रावर कळेल."

"लई भारी काम करतीस की मग. दगड तोलते म्हणून सांगितलंस आमाला."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं: अण्णा, हे तापवायचे नाहीत. सांगायला काय जात होतं माझं? पण विषाचं काम म्हटलं असतं तर अण्णांनी मला मुंबईला परत पाठवलंच नसतं. माझ्या बापाला मी ओळखत होते. आणि नुकतंच लई भारी म्हणाले होते, ते मला घालवायचं नव्हतं. मी ते वाक्य गिळलं.

कागदावर तिसरा एक छोटा ढीग उरला होता, वीसेक कणांचा. त्यांच्यावर तांबडं-काळं किटण चढलेलं होतं. अण्णा म्हणाले, "ही मळकी हायेत. ह्यांची कड दिसत न्हाई. ह्यांचं उद्या बघू." मला वाटलं उद्या पुन्हा भिंग लावतील. मी सोनाराची पोर, आणि मला असं वाटलं! आमच्या घरात वस्तू मळकी परत जात नसे. दुरुस्तीला आलेलं जोडवंसुद्धा अण्णा उजळून द्यायचे, गिऱ्हाइकाने सांगो न सांगो. किटण चढलेला धातू आला की मुशीत घालायचा, वर सोऱ्याची चिमूट टाकायची, बागेसरीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या त्या छोट्या शेगडीवर ठेवायचा आणि फुंकणीने फुंकत लाल करायचा. जन्मल्यापासून मी हेच पाहत आले होते. सरांनी सोऱ्याचं नाव घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाटलीतली पांढरी पूड आली, वर इंग्रजी चिठ्ठी लावलेली. अण्णांच्या कोनाड्यातला सोऱ्याचा डबा आठवला नाही. आजही हे आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने मला भाजणी दळायला गिरणीत पाठवलं. पीठ घेऊन परत येताना आमच्या दारापासून दहा पावलांवर मला वास आला. विहिरीत टाकतात त्या पावडरीसारखा उग्र, आणि त्यात कुजक्या लसणासारखं काहीतरी. प्रयोगशाळेत तो एकदाच, कपाटाची काच उघडी राहिली म्हणून, अगदी ओझरता आला होता. तरी मी ओळखला. हातातला पिठाचा डबा रस्त्यातच सुटला.

अण्णा बागेसरीपुढे बसले होते. मान खाली, फुंकणी तोंडात, तोंड मुशीपासून वीतभर. मूस लालभडक. मला पाहून म्हणाले, "ये, ये. बघ कशी निघतायत आता..."

"सोडा ते! उठा! अण्णा, उठा!"

मी इतक्या जोरात ओरडले की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. मी अण्णांच्या दंडाला धरून त्यांना फरफटत ओसरीवर आणलं. "येड लागलं का तुला?" ते ओरडत होते. ओसरीत पाण्याची कळशी होती. मी त्यांची मान मागे करून डोळ्यांवर पाणी ओतायला लागले. आई आतून धावत आली. नदी आटली होती, वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीने भरलेली ती कळशी होती. "अगं ए, ते प्यायचं पानी हाय!" आई किंचाळली. मी दुसरी कळशी उचलली.

पाणी ओतून झाल्यावर अण्णा ओल्या अंगाने बसून राहिले. डोळे लाल, जरासा खोकला. आईने विचारलं, "काय झालं?" आणि मी काय म्हणाले असेन? "काही नाही. धूर वाईट होता." त्या क्षणी मी खोटं बोलले, कारण खरं बोलले असते तर ते खरं झालं असतं, अशी काहीतरी वेडी समजूत माझ्या डोक्यात बसली होती. अण्णांनी मुशीकडे हात केला. "वाईच चुरचुरतंय. एवढ्यासाठी एवढा तमाशा?"

मी फडकं नाकाला बांधून दाराखिडक्या सताड उघडल्या, निखाऱ्यांवर राख टाकली. मूस गार झाल्यावर परसात खड्डा करून गाडली. मग अण्णांसमोर येऊन बसले आणि उठलेच नाही. दर थोड्या वेळाने विचारायचे, "आता कसं आहे?" ते वैतागले. "अगं, बरं हाय. किती येळा सांगू? जा, आईला चकल्या पाडू लाग." मी चकल्या पाडल्या. एकही चकली गोल झाली नाही. आईने चकल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काहीतरी कळलं होतं.

दिवस मावळला. तेल जपून वापरायचं म्हणून आईने दारात चारच पणत्या लावल्या. अण्णा उंबऱ्यावर येऊन उभे राहिले आणि हसून म्हणाले, "अगं, आज दिवे लई भारी दिसतायत. परत्येक दिव्याला कडं हाय बघ. इंद्रधनुष्यावानी."

"कुठं कडं?" आई बघायला लागली.

मी तिथेच पायरीवर बसले. आई अजून दिव्यांकडे बघत होती, अण्णा बोटाने तिला दाखवत होते, हे बघ, आत निळं, बाहेर तांबडं. मी म्हटलं, "अण्णा, माझ्याकडे बघा. मी दिसते का?"

"दिसतीस की. पन मधी धुकं हाय."

मी आईला आत नेलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, मला आधी ठाऊक होतं हेही. आईने एकच विचारलं, "डोळं जातील का?"

"माहीत नाही."

आईने माझ्या थोबाडीत दिली. चोवीस वर्षांच्या मुलीला. मग पदर खोचला आणि म्हणाली, "सकाळची पयली एसटी किती वाजता हाय?"

सकाळपर्यंत अण्णांच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या. उजेड सहन होत नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. माझा बाप मला रस्ता ओलांडताना हात धरायचा, तो आता माझ्या खांद्याला धरून एसटीची पायरी पायाने चाचपत होता. श्रीरामपूरला डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "कशाचा धूर?" मी नाव सांगितलं. त्यांना कळेना. मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडे पाहिलं. बॅटरी लावून ते बराच वेळ तपासत राहिले. बुबुळावर राखाडी झाक आहे म्हणाले. डोळे धुतले, मलम घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली.

"पाच दिवस पट्टी काढायची नाही. मग पाहू."

"मग काय होईल?"

"बाई, हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकतोय," डॉक्टर म्हणाले. खोटा धीर दिला नाही त्यांनी. त्या वेळी मात्र मला त्यांचा राग आला.

पोस्टात जाऊन मी सरांना ट्रंक कॉल लावला. तीन तास लागले. अण्णा आईबरोबर बाहेर बाकावर बसून होते, डोळ्यांवर पांढरी पट्टी. येणारे-जाणारे विचारत होते, "मोतीबिंदू का?" आणि अण्णा म्हणत होते, "व्हय." शेवटी लाईन लागली. खरखर इतकी की मला ओरडूनच बोलावं लागलं. सगळं पोस्ट ऐकत होतं. कण सांडल्याचं, चोरून आणल्याचं, तापवल्याचं, सगळं मी ओरडून सांगितलं.

"किती कण?" सरांनी विचारलं.

"वीसेक."

"चेहरा किती अंतरावर होता?"

"फुंकणीने फुंकत होते, सर."

पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "बोला, बोला, वेळ चाललाय." मग सर म्हणाले, "लगेच धुतलेस?"

"मला कळलं तेव्हा."

"काहींचं पूर्ण बरं होतं," सर म्हणाले. "पट्टी सुटली की मला कळव. कणांचं आत्ता बोलू नकोस." मी फोन ठेवला. त्यांच्या बोलण्यातलं मला एवढंच ऐकू आलं होतं: काहींचं.

त्या पाच दिवसांत दिवाळी येऊन गेली. अण्णा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे. दुकानाची फळी बंद. कुणी हाक मारली की आई सांगायची, "ताप आलाय त्यांना." सोनाराला दिसत नाही असं एकदा गावात पसरलं की त्याच्या हातात कुणी गुंजभर सोनं देत नाही, हे आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. त्यांचे डोळे गेले म्हणजे अण्णाच गेले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही त्यांना नकोही होतं.

मी भीतीने जेवत नव्हते. जेवायला बसले की समोर अण्णा घास तोंडाकडे नेताना दिसायचे, आई त्यांचा हात वाटीपाशी नेऊन ठेवायची, आणि मी ताटावरून उठायचे. झोपेत त्यांनी कूस बदलली तरी मी उठून बसायचे. कुणी डोळे चोळले, अगदी शेजारच्या पोराने चोळले, तरी मी त्याचा हात धरायचे. देवाला मी फारसं मानत नव्हते, पण त्या आठवड्यात बेलापुरातला एकही देव मी सोडला नाही. सगळ्यांना एकच सांगितलं, माझे घ्या.

तिसऱ्या दिवशी आई पाण्याला गेली होती. तेव्हा अण्णांनी विचारलं.

"तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"आधी?"

"आधी."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही मला परत बोलावून घेतलं असतं."

अण्णांनी मान हलवली. "घेतलं असतं," म्हणाले. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले तरी असते. ते पाणी प्यायला उठले, भिंतीला हात लावत लावत, आणि मी दिलेला तांब्या त्यांनी माझ्याकडून घेतला. एवढंच.

पाचव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला, हळूहळू कापूस काढला. अण्णांनी डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. पाणी वाहत होतं. डॉक्टरांनी बोटं धरली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"दोन. अन् एका बोटात अंगठी हाय. टाका नीट बसल्याला न्हाई तिचा."

डॉक्टर हसले. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, तीही भिंतीकडे तोंड करून. मी तर दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि हमसून हमसून रडले. कंपाउंडर म्हणाला, "अहो ताई, दिसतंय त्यांना, का रडताय?" डॉक्टरांनी एवढं सांगितलं की कडेला थोडा डाग राहिलाय, रोजच्या कामाला अडचण यायची नाही. आईने गल्लीत साखर वाटली. डब्यातलीच.

मुंबईला परत गेले ती दोन पुड्या घेऊन, चपटे एकात, गोल दुसऱ्यात. सरांसमोर उभी राहिले आणि हातात राजीनामा. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. अण्णा कसे आहेत ते विचारलं. मग उठले, कपाट उघडलं आणि दोन छोट्या कागदी पुड्या बाहेर काढल्या. पाठवणाऱ्याने दोन्ही नद्यांचा थोडा थोडा वाटा वेगळा ठेवून दिला होता. सांडण्याची सोय त्याने आधीच केली होती. मी त्याच दिवशी कबूल केलं असतं तर सरांनी त्या पुड्या माझ्यापुढे ठेवल्या असत्या, आणि फार तर दोन दिवस बोलले नसते. मी त्या पुड्यांकडे पाहत राहिले. सर म्हणाले, "बैस," तेव्हा कुठे मला आपण उभ्या आहोत हे कळलं.

यंत्रावरचं काम सरांनी स्वतः केलं, मला खोलीत येऊ दिलं नाही. निकाल यायला आठवडे गेले. चपट्या कणांतला ऑस्मियम जुना निघाला, गोल कणांतला त्यामानाने अलीकडचा. नेमकी किती वर्षं ते सांगता येईना, कारण रेनियम किती वेगाने झिजतो हेच तेव्हा कुणाला पुरतं ठाऊक नव्हतं. पण दोघांचं मूळ वेगळं, यात शंका राहिली नाही. कपाटातल्या पुड्यांशी ताडून पाहिलं तर अण्णांचे दोन ढीग तंतोतंत जुळले.

संक्रांतीला मी घरी गेले ती पळतच. अण्णा दुकानात बसले होते. मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता सांगितलं.

"चपटी जुनी?"

"जुनी. फार जुनी."

"अन् लोळल्याली नवी. मशिनीला किती दिवस लागलं?"

"तीन आठवडे."

"मी दोन दिसांत सांगितलं हुतं," अण्णा म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसले. मीही हसले. त्यांचे डोळे मला स्वच्छ दिसले. दोन महिने पोटात धरून ठेवलेली भीती तेव्हा सुटली, अगदी आवळलेली मूठ सोडावी तशी.

तेवढ्यात कोल्हारकडची एक बाई आली. जुनी पाटली मोडायची होती. अण्णांनी कसोटीचा काळा दगड घेतला, त्यावर पाटली घासली, शेजारी आपल्याकडची ठरल्या कसाची सोन्याची काडी घासली. दोन रेघा उमटल्या; सोन्यात तांबं जास्त असलं की रेघ तांबूस येते. दगड उजेडाकडे तिरका केला. पुन्हा तिरका केला. अंगठ्याने पुसून पुन्हा दोन्ही घासलं. बाई चुळबुळ करायला लागली. अण्णांनी तिसऱ्यांदा घासलं, आणि मग दगड माझ्यापुढे केला.

"आमची बाई मुंबईला शिकतीया, मोठी मोठी कामं करतीया," ते हसत बाईला म्हणाले. "तिलाच इचारू. सांग बरं गं, कुठली रेघ तांबूस हाय?"

"व्हय, व्हय," बाई म्हणाली. "बघू की लेकीची परीक्षा."

मी वाकून पाहिलं. एक रेघ हळदीसारखी पिवळी होती. दुसरी इतकी लालसर की सहा वर्षांची असताना मी लांबून सांगितली असती. अण्णा थट्टा करतायत असं वाटून मी हसत वर पाहिलं. ते दगडाकडे बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"डावीकडची, अण्णा," मी म्हटलं.

"माझं बी तेच म्हननं हुतं," अण्णा बाईला म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी दगड पुसला.